विंचवाचे विष आणि पेशीचे दार

मराठी माणसाची विंचवाशी ओळख फार जुनी आहे. संत एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचले, म्हणीने त्याचे बिऱ्हाड पाठीवर दिले आणि आपल्या भाषेने त्याच्या जातीही वेगवेगळ्या ओळखल्या. काळी, धिप्पाड, पाहताच अंगावर काटा आणणारी ती इंगळी; आणि बोटभर लांबीचा, तांबूस, दिसण्यात अगदीच किरकोळ तो लाल विंचू. वऱ्हाडात, वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावी, तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग हलवताना, धुऱ्यावरचा दगड उचलताना किंवा गोवऱ्या काढताना शेतकऱ्याचा हात क्षणभर थबकतो, तो याच ओळखीमुळे. नांगी लागली की पूर्वी पहिली धाव विंचू उतरवणाऱ्याकडे असे. बहुतेक वेळा तो 'उतरत'ही असे, कारण बहुसंख्य दंशांत वेदना दिवसभर छळून आपोआपच ओसरते. श्रेय मंत्राला मिळे.

परंतु काही घरांत तसे घडत नसे. संध्याकाळी लाल विंचू चावलेले मूल आधी रडे, मग घामाने निथळे, ओकाऱ्या काढी, त्याचे हातपाय गार पडत आणि पहाटेपर्यंत श्वास कोंडून, तोंडातून गुलाबी फेस येऊन ते दगावे. सापाच्या विषाने मांस कुजते, रक्त गोठेनासे होते. येथे तसे काहीच नसे. नांगीच्या जागी धड सूजही नसायची. मग विषाचा एवढासा थेंब बोटातून हृदयापर्यंत पोहोचून करतो तरी काय? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्या उत्तराचे दोन महत्त्वाचे धागे महाराष्ट्रात आहेत. एक मुंबईत कुलाब्याला आणि दुसरा कोकणात महाडजवळ.

हे उत्तर समजून घ्यायचे तर पेशीच्या दारापर्यंत जावे लागते. इटलीतील बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ लुईजी गाल्वानी यांनी बेडकाच्या तंगडीवरील आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले आणि सजीवाच्या स्नायूंत वीज खेळते असे प्रतिपादले. त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. मूळ कल्पना मात्र टिकली. पुढे १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे मोजले. तो वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. तारेतून धावणाऱ्या विजेच्या मानाने ही अगदीच बैलगाडी! तेव्हा मज्जातंतू म्हणजे तांब्याची तार नव्हे, त्यातली वीज निराळ्या रीतीने चालते, हे उघड झाले.

ती रीत अशी. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे एक अतिशय पातळ पटल असते. त्याच्या बाहेर सोडियमचे प्रमाण जास्त, तर आत पोटॅशियमचे. हे क्षार पाण्यात विरघळलेल्या, विद्युतभारित कणांच्या रूपात असतात. त्यांनाच आयन म्हणतात. शांत मज्जापेशीचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पटलाची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी असते हे ध्यानात घेतले, तर हा ताण दर मीटरला दीड कोटी व्होल्टच्या घरात जातो. अशा ताणलेल्या पटलात प्रथिनांची बनलेली सूक्ष्म दारे असतात. एरवी ती मिटलेली असतात. संदेश आला की सोडियमचे दार उघडते, बाहेरचे सोडियम आत घुसते, तेवढ्या जागी पेशीचा ताण उलटतो आणि त्या धक्क्याने शेजारचे दार उघडते. एका दारावरून दुसऱ्या दारावर जाणारी ही थाप म्हणजेच मज्जासंदेश. या दारांना शास्त्रज्ञ आयन चॅनेल म्हणतात. आपण त्यांना आयन-द्वारे म्हणू.

याहून महत्त्वाची बाब पुढेच आहे. सोडियमचे दार उघडते आणि एक-दोन सहस्रांश सेकंदात आपण होऊन बंद होते. पाठोपाठ पोटॅशियमचे दार उघडते, आतले पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पुन्हा निवांत होते. केंब्रिजचे ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी माकूळ या सागरी जीवाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हे सारे गणितात मांडले आणि १९५२ साली प्रसिद्ध केले. तो तंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो, म्हणून त्यात विद्युत्‌अग्र घालणे साधले. विद्यापीठाचा संगणक त्या वेळी बंद होता, म्हणून हक्सली यांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर ही आकडेमोड केली. कोकणातल्या आणि मुंबईतल्या माशांच्या बाजारात ज्याची आपण घासाघीस करतो, त्या माकळाच्या जातभाईने माणसाच्या मज्जाशास्त्राचा पाया घातला, ही गंमतच म्हणायची. हॉजकिन आणि हक्सली १९६३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. प्रत्यक्ष दार मात्र तोवर कोणीच पाहिले नव्हते. ते असले पाहिजे, असे गणित सांगत होते.

आता १९७६ या सालाकडे वळू. या विषयाच्या इतिहासात ते फार मोलाचे आहे. जर्मनीत गॉटिंगन येथे एर्विन नेहर आणि बर्ट साकमन यांनी काचेच्या बारीक नळीचे तोंड पेशीच्या पटलावर टेकवून एकट्या आयन-द्वारातून वाहणारा प्रवाह त्या वर्षी मोजून दाखवला. दार खरोखरच आहे आणि ते खट्‌कन उघडते, खट्‌कन मिटते, हे तेव्हा प्रथम दिसले. त्यांना १९९१ साली नोबेल मिळाले.

त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांचा, कॅलिफोर्नियातील सीमोर बेंझर यांच्यासमवेत केलेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सिद्दिकी मूळचे उत्तर प्रदेशातील बस्तीचे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ साली ते मुंबईत आले आणि पदार्थविज्ञानासाठी ख्यातनाम असलेल्या त्या संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. त्यांच्या निबंधाचा विषय होता फळमाशी. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारे, आपण हाताने झटकून टाकतो ते चिलट! या माशीचा एक उत्परिवर्तित वाण कॅनडात १९७१ मध्ये सापडला होता. साध्या खोलीत त्या माश्या मजेत उडत. तापमान २९ अंश सेल्सिअसपर्यंत चढले की क्षणात लुळ्या पडत. गारवा येताच पुन्हा उठून चालू लागत. सिद्दिकी आणि बेंझर यांनी दाखवून दिले की दोष स्नायूंत नाही, तर मज्जातंतूतच आहे: उष्णतेने त्यातून संदेश वाहणेच थांबते. हा दोष ज्या जनुकात आहे ते जनुक १९८९ साली अमेरिकेत वाचले गेले, तेव्हा ते सोडियमच्या आयन-द्वाराचा आराखडा निघाले. हॉजकिन-हक्सलींच्या गणितातले दार असे चिलटाच्या जनुकात हाती लागले.

वऱ्हाडातल्या कापूस-उत्पादकाला हे दार, नाव ठाऊक नसले तरी, परिचयाचे आहे. सायपरमेथ्रिनसारखी जी कीटकनाशके तो पऱ्हाटीवर फवारत आला, ती कीटकाच्या याच सोडियम-द्वारात अडकून बसतात आणि त्याला मिटू देत नाहीत. कीटक तडफडून मरतो. ज्या किडींत या द्वाराच्या जनुकात बदल होतो, त्यांच्यावर फवारा चालेनासा होतो. औषध बनावट निघाले म्हणून दुकानदाराशी होणाऱ्या भांडणांपैकी काहींचे मूळ या बदलात असावे, असे मला वाटते.

सिद्दिकी यांच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक तरुण विद्यार्थिनी दाखल झाली. तिचे नाव व्हेरोनिका रॉड्रिग्ज. आईवडील गोव्याचे, जन्म १९५३ साली केनियात, पदवी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजची. पूर्व आफ्रिकेत पोटासाठी गेलेल्या गोमंतकीय कुटुंबांची मुले इंग्लंड, कॅनडा, पोर्तुगाल अशी पांगली. ही मुलगी मात्र मुंबईला आली. तिने घेतलेला विषय होता चव आणि वास. रंग घातलेली साखर माश्यांपुढे ठेवावयाची आणि कोणत्या माशीच्या पोटात रंग दिसतो ते पाहावयाचे, इतकी साधी परीक्षा. ज्यांना साखर कळत नाही, ज्यांना कडू क्विनीन कळत नाही, अशा माश्या तिने निवडून काढल्या आणि त्यांच्यातील दोष कोणत्या जनुकात आहे ते हुडकले. तिचा आणि सिद्दिकींचा या विषयावरील पहिला निबंध १९७८ मध्ये भारतातल्याच नियतकालिकात छापून आला. पुढे १९८७ साली त्याच प्रयोगशाळेने 'नेचर'मध्ये एका विलक्षण वाणाचे वर्णन दिले. या माशीची गोड ओळखणारी चेतापेशी मिठालाही प्रतिसाद देई. खारट ते तिला गोडाच्या वाटेने कळे! चव पदार्थात असते, असे आपण समजतो. वस्तुतः कोणत्या पेशीचे दार उघडले, एवढेच मेंदूला कळते. बाकीचा अर्थ तो लावतो.

सर्वच इंद्रियांची कथा थोडीफार अशी आहे. डोळ्यात प्रकाशाने काही द्वारे मिटतात, कानात ध्वनीच्या कंपाने काही उघडतात. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणलेली आणि आज आपल्या सारपोतेलपासून ठेच्यापर्यंत सर्वत्र ठाण मांडून बसलेली मिरची 'तिखट' लागते, ती चव नव्हेच. उष्णतेने उघडणारे एक आयन-द्वार मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ उघडतो, म्हणून तोंड 'भाजते'. ते द्वार डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली शोधले. ज्युलियस आणि स्पर्शाची द्वारे शोधणारे आर्डेम पाटापूटियन यांना २०२१ चे नोबेल देण्यात आले. व्हेरोनिका रॉड्रिग्ज तोवर हयात नव्हत्या. मुंबईत आणि नंतर बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात विद्यार्थ्यांची एक पिढी घडवून १० नोव्हेंबर २०१० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेले नाही, याचे मला वाईट वाटते.

पुन्हा १९७६ कडे येऊ. कुलाब्याच्या समुद्रकाठी चिलटांच्या मज्जातंतूंचा अभ्यास चालू असताना, मुंबई-गोवा रस्त्यावरच्या महाडजवळ बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात एक नवा डॉक्टर रुजू झाला. हिंमतराव साळुबा बावस्कर. जन्म १९५१, गाव जालना जिल्ह्यातील देहेड, वैद्यकीय पदवी नागपूरची. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे इतिहासात अमर झालेला महाडचा परिसर लाल विंचवासाठीही कुप्रसिद्ध होता. जांभ्या दगडाची भूमी, दमट उष्मा, कौलारू घरे, भाताची कापणी, लाकूडफाटा. पावसाळ्याआधीच्या उकाड्यात आणि कापणीच्या दिवसांत दंश वाढत. या मृत्यूंकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते, असे नाही. डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूदंशाने फुप्फुसांत पाणी होऊन रुग्ण दगावतात, हे नोंदवले होते. पण उपाय हाती नव्हता. झोपेची, वेदनाशामक, ॲलर्जीविरोधी अशी औषधे एकत्र करून दिली जात. रुग्ण शांत दिसे आणि शांतपणेच जाई.

या तरुण डॉक्टरने जे केले ते सांगावयास सोपे, करावयास अवघड होते. तो रुग्णाच्या खाटेशी रात्रभर बसला. नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचे तापमान, श्वास, हे सारे तासातासाने त्याने लिहून ठेवले. अशा शेकडो रात्रींच्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. आधी घाम, ओकाऱ्या आणि गार हातपाय. मग चढलेला रक्तदाब. मग थकत जाणारे हृदय आणि शेवटी फुप्फुसांत साचणारे पाणी. रुग्ण मरतो तो विषाने पेशी जळून नव्हे, तर त्याच्याच शरीरातील मज्जासंस्थेने उठवलेल्या वादळाने, हा त्यांचा निष्कर्ष. धोक्याच्या या पूर्वखुणांविषयीचा त्यांचा निबंध १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. जगातील नामवंत रुग्णालयांचे निबंध जेथे महिनोन्‌महिने तिष्ठतात, तेथे कोकणातल्या आरोग्य केंद्रातील वह्यांना स्थान मिळाले.

वादळ का उठते, याचे उत्तर तोवर विषरसायनाच्या अभ्यासकांना गवसू लागले होते. विंचवाच्या विषात लहान लहान प्रथिने असतात. त्यांतील काही सोडियम-द्वाराच्या बाहेरच्या अंगाला चिकटतात आणि त्याला वेळेवर मिटू देत नाहीत. दार फोडत नाहीत. फक्त त्यात पाचर ठोकतात. एका थापेऐवजी मज्जातंतूतून थापांचा वर्षाव सुरू होतो. तो वेदनेच्या तंतूत झाला की असह्य ठणका लागतो. दंशाच्या बोटात लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात ते याच दारासाठी: ते औषध सोडियमची वाटच अडवते आणि ठणका थांबतो. हृदय व रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या तंतूंत वर्षाव झाला की मात्र गोष्ट जिवावर येते. तंतूच्या टोकाशी कॅल्शियमची द्वारे उघडतात, त्यासरशी तेथे साठलेली नॉरॲड्रिनलीनसारखी रसायने भळभळा सुटतात, सर्व शरीरातील रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाला जणू बंद नळात पाणी ढकलावे लागते. मोठ्या माणसाला टोचलेले आणि पोराला टोचलेले विष सारखेच. पोराचे शरीर लहान, म्हणून त्याची शिक्षा मोठी.

आपल्या लाल विंचवाकडे आणखी एक हत्यार असल्याचे १९९० साली उघडकीस आले. त्याच्या विषातून अमेरिकेतील संशोधकांनी आयबेरियोटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे केले. ते पोटॅशियमचे एक विशिष्ट द्वार बंद करते, आणि उत्तेजित पेशीला शांत करणारा ब्रेक म्हणजेच हे द्वार. एक विष आत येणारे दार मिटू देत नाही, दुसरे बाहेर जाणारे दार अडवते. आज जगभरच्या प्रयोगशाळा रक्तवाहिन्यांचा आणि मेंदूचा अभ्यास करताना हेच प्रथिन हत्यार म्हणून वापरतात.

बावस्करांनी शोधलेला उपाय या दारांना शिवतही नाही. वादळ थांबवता येत नसेल, तर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल कराव्यात, असा त्यांचा विचार. रक्तदाबावर वापरात असलेली प्रॅझोसिनची गोळी नॉरॲड्रिनलीनची रक्तवाहिनीवरील पकड सोडवते. ती स्वस्त, तोंडावाटे देता येणारी, तालुक्याच्या औषधदुकानात मिळणारी. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासमवेत लिहिलेला या उपचाराचा वृत्तान्त १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रॅझोसिनपूर्व काळात महाड भागात गंभीर दंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. त्यानंतर ते १ टक्क्याच्या आसपास उतरल्याचे या दांपत्याने नोंदवले आहे. पुढे देशात आणि देशाबाहेरही विंचूदंशावर हे औषध दिले जाऊ लागले. भारत सरकारने २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री दिली. चाळीस वर्षे उशिराच म्हणायची, पण दिली.

कुलाबा आणि बिरवाडी यांमध्ये पावणेदोनशे किलोमीटरचे अंतर. १९७६ साली दोन्हीकडे एकाच दाराची चौकशी चालली होती, आणि एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. चिलटाच्या मज्जातंतूवरच्या निबंधाने कोकणातले एकही मूल वाचवले नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण गोळी का लागू पडते आणि कोठे अपुरी पडते, हे दाराच्या ज्ञानाशिवाय कळत नाही. गोळी वादळ सोसण्यास मदत करते. रक्तात फिरणारे विष तसेच राहते आणि नवनव्या द्वारांना चिकटत राहते. रुग्णाला तासन्‌तास देखरेखीखाली ठेवावे लागते ते त्यामुळेच.

रक्तातील विष बांधून टाकणारी लाल विंचवाची लस मुंबईच्या हाफकिन संस्थेने तयार केली. तिची परीक्षा पुन्हा महाडमध्येच झाली. बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांचे ३५-३५ चे दोन गट केले. एकाला नुसते प्रॅझोसिन, दुसऱ्याला प्रॅझोसिन आणि लस. दहा तासांनंतर पहिल्या गटातील ८ जण पूर्ण बरे झाले होते, दुसऱ्या गटातील ३२. हा निबंध २०११ च्या आरंभी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला, डॉ. मुंडले यांची नोंद छापून आली होती त्याच नियतकालिकात, पन्नास वर्षांनी. लस रक्तातले विष पकडते. दाराला आधीच घट्ट बसलेल्या विषावर तिचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून ती लवकर द्यावी लागते, आणि सोबत गोळीही द्यावी लागते.